महाविद्यालयातील पहिले वर्ष : विचारणाऱ्याला वाट सापडते

निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या झळकतात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यापासून टिळक रस्त्यापर्यंत नव्या चेहऱ्यांची वर्दळ सुरू होते. कुणी नांदेड-लातूरहून रात्रीच्या एसटीने आलेला असतो, कुणी जळगावहून, कुणी कोकणातून. कुणी याच शहरात वाढलेली, कोथरूड किंवा हडपसरहून रोज ये-जा करणारी मुलगी असते. प्रवेश मिळेपर्यंत सारे घर धावपळ करीत असते. दाखले, प्रती, पसंतीक्रम, शुल्क या साऱ्यांत आई-वडील, मामा-काका गुंतलेले असतात. प्रवेश निश्चित झाला की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. विद्यार्थ्याची खरी कसोटी मात्र तेथून सुरू होते.

शाळेत एक दिवस गैरहजर राहिले तरी वर्गशिक्षकांचा निरोप घरी पोहोचतो. वही अपुरी असेल तर कोणीतरी रागावते. महाविद्यालयात शंभरजणांच्या वर्गात एक बाक रिकामा राहिला, तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. विद्यार्थ्याला हे प्रथम स्वातंत्र्य वाटते आणि काही आठवड्यांनी त्याचेच ओझे होऊ लागते. समजले नाही तर विचारायचे कोणाला, पैसे संपले तर सांगायचे कोणाला, मन रमत नसेल तर बोलायचे कोणाशी, असे प्रश्न उभे राहतात. प्राध्यापक, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, समुपदेशक, तक्रार समित्या अशा सोयी बहुतेक महाविद्यालयांत असतात. परंतु त्यांपैकी एकही आपण होऊन विद्यार्थ्याच्या दारी येत नाही. ती मागावी लागते. पहिल्या वर्षात शिकायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे विचारल्यास 'संकोच न करता विचारणे' हेच उत्तर द्यावे लागेल.

पुण्याची जुनी परंपरा

परगावाहून शिकायला येणारा विद्यार्थी पुण्याला नवा नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकीच्या वर्गातून आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय काढले. १९१६ मध्ये आज सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय सुरू झाले, तर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. २०१४ पासून हे विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते.

या संस्थांतून पुढे मोठे झालेल्यांचेही सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन ते सकाळी पुन्हा घालीत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. त्यांचे सहाध्यायी बाळ गंगाधर टिळक यांनी पहिल्या वर्षी अभ्यासापेक्षा व्यायामाकडे अधिक लक्ष दिले आणि ते वर्ष गमावले, हीही प्रसिद्ध हकिकत आहे. पुढे याच टिळकांनी पदवी परीक्षेत प्रथम वर्ग मिळवला. १८८० च्या दशकात त्याच महाविद्यालयात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना काही सहाध्यायांच्या उघड विरोधाला तोंड द्यावे लागले. तरीही त्या उत्तम गुणांनी पदवीधर झाल्या आणि पुढे देशातील आद्य महिला वकिलांत त्यांची गणना झाली. गरिबी, दिशाभूल, परकेपणा या तिन्ही अडचणी दीडशे वर्षांपूर्वीही होत्या, एवढे यावरून दिसते.

त्या अडचणींवर समाजाने तोडगेही काढले. एकेकाळी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणारे विद्यार्थी पेठापेठांतून दिसत. गरजू मुलांच्या शिक्षणासाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. आजचे पुणे विद्यार्थी गृह ते हेच. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची स्थापना केली. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची सोय करतानाच त्यांना श्रमाची सवय लावणे हे तिचे वैशिष्ट्य. मदत घेण्यात कमीपणा मानण्याची रीत या शहराच्या शैक्षणिक इतिहासात नाही. नव्या विद्यार्थ्याने ही गोष्ट प्रथम मनात पक्की करावी.

अभ्यासाचा नवा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची रचना बदलली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे मोठ्या भावंडांचा अनुभव येथे पूर्णपणे उपयोगी पडत नाही. आता मुख्य विषय, उपविषय, आपल्या शाखेबाहेरचा खुला विषय, कौशल्यविषय, भाषा अशी विभागणी असते आणि सारा हिशेब श्रेयांकांत होतो. तासिकांसाठी एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचे अध्यापन. वर्षाला किमान ४० श्रेयांक मिळवायचे असतात. म्हणजे एका सत्रात साधारण २० श्रेयांक आणि सुमारे ३०० तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिके असतील तर त्यांना दुप्पट वेळ लागतो. घरचा अभ्यास याखेरीज.

हा हिशेब पहिल्याच आठवड्यात समजून घेतला तर पुढची बरीच धावपळ वाचते. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून मिळवावी. कोणत्या विषयाला किती अंतर्गत गुण आहेत, ते चाचणीवर आहेत की प्रकल्पावर, उपस्थितीची अट किती, हे एका कागदावर लिहून खोलीच्या भिंतीवर लावावे. सामान्यतः ७५ टक्के उपस्थितीची अपेक्षा असते. सत्राच्या शेवटी हजेरी कमी पडल्याचे कळते तेव्हा उपाय उरलेला नसतो.

शाळेतील आणि महाविद्यालयातील अभ्यासात आणखी एक फरक आहे. शाळेत एका पाठ्यपुस्तकात सारे मिळते. येथे प्राध्यापक तासाला विषयाची रूपरेषा मांडतात आणि तपशील ग्रंथालयात शोधायचा असतो. म्हणून ग्रंथालयाचे कार्ड ओळखपत्राइतक्याच तत्परतेने काढावे. शनिवार-नारायण पेठांच्या परिसरातील अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके कमी किमतीत मिळतात. तथापि अभ्यासक्रम बदललेला असल्याने खरेदीपूर्वी आवृत्ती पाहून घ्यावी. खोलीवर शांतता नसेल तर पेठांतील अभ्यासिकांचा आधार घेता येतो.

प्राध्यापकांकडे जाण्याचा संकोच अनेकांना असतो. 'आपला प्रश्न फारच सोपा निघाला तर' या भीतीने कित्येकजण महिनोन्महिने गप्प राहतात. वास्तविक तास संपल्यावर दोन मिनिटे थांबून 'सर, शेवटचा भाग नीट समजला नाही, कोणते पुस्तक पाहू?' एवढे विचारले तरी पुरते. अशा दोन-तीन भेटींनंतर प्राध्यापक नावाने ओळखू लागतात. पुढे शिफारसपत्र लागो वा घरगुती अडचणीत परीक्षेसंबंधी सल्ला, ही ओळख उपयोगी पडते.

इंग्रजीचे दडपण

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा संगणकाच्या वर्गातील पहिले काही आठवडे जड जातात. बारावीपर्यंत ज्याला गणितात नव्वदच्या वर गुण होते, त्याला येथे फळ्यावरील गणित कळते. पण त्याविषयी बोललेले वाक्य निसटते. आपली बुद्धी कमी पडते आहे, असा समज तो करून घेतो. येथे कमी पडतो तो शब्दांचा परिचय, बुद्धी नव्हे, आणि परिचय वाढवता येतो.

यासाठी प्रत्येक विषयाची छोटी शब्दवही ठेवावी. एका बाजूला इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेत तिचा अर्थ. रोज दहा शब्द घेतले तरी सत्राअखेर हजाराच्या आसपास शब्द होतात. दुसऱ्या दिवशीच्या तासाचा भाग आदल्या रात्री एकदा नजरेखालून घालावा. म्हणजे तासाला शब्द अनोळखी राहत नाहीत. संकल्पना प्रथम मराठीतून समजून घेऊन मग इंग्रजीत मांडण्यात काहीही गैर नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही २०२१ मध्ये काही अभियांत्रिकी महाविद्यालयांना भारतीय भाषांतून शिकवण्यास मान्यता दिली. बोलण्याच्या सरावासाठी आपल्यासारख्याच तिघा-चौघांचा गट करून आठवड्यातून दोनदा अर्धा तास इंग्रजीत बोलावे. चुकले तर हसणारेही आपलेच असतात.

निवारा, जेवण आणि पैसा

परगावच्या विद्यार्थ्याचा निम्मा जीव राहण्या-जेवण्याच्या प्रश्नात गुंतलेला असतो. प्रवेश झाल्याबरोबर महाविद्यालयाच्या आणि शासनाच्या वसतिगृहांचे अर्ज भरावेत. जागा मर्यादित असतात. खासगी खोली घ्यावी लागली तर करार लेखी व नोंदणीकृत असावा, अनामत रकमेची पावती घ्यावी आणि ती केव्हा, कोणत्या अटींवर परत मिळणार हे करारात लिहून घ्यावे. खोली पाहताना पाणी कोणत्या वेळी येते आणि महाविद्यालयाला जाणारी बस कोठून मिळते, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. भाडे थोडे कमी, पण रोज दोन तास प्रवासात, हा सौदा सहसा परवडत नाही. पीएमपीच्या बसचे आणि मेट्रोचे विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे पास मिळतात.

खानावळ ठरवताना महिन्याचे पैसे एकदम भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस जेवून पाहावे. सुटीत घरी गेल्यास त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, हेही विचारून ठेवावे. न्याहारी टाळून दुपारपर्यंत चहावर राहणे ही नव्या विद्यार्थ्यांची सर्रास सवय असते. पहिल्या सत्रातील आजारपणाला तिचाच हातभार लागतो.

खर्चाची साधी वही ठेवावी. भाडे, खानावळ, प्रवास, पुस्तके ही ठरलेली रक्कम महिन्याच्या आरंभीच बाजूला काढावी आणि उरलेल्यात महिना भागवावा. मित्रमंडळींबरोबर हॉटेलात जाण्याचा आग्रह होतो. 'या महिन्यात जमणार नाही' हे वाक्य स्वच्छपणे म्हणण्याची सवय लवकर लावून घ्यावी. मोबाइलवर चटकन कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन हजारांच्या उसनवारीतून धमक्या आणि बदनामीपर्यंत गोष्टी गेल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत.

शिष्यवृत्तीविषयी आळस केल्यास तो महागात पडतो. राज्य शासनाच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांचा त्यांत समावेश आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी प्रवेशाबरोबरच करावी. अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणासाठी भरावा लागतो, हे विसरू नये. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करावी. अडलेल्या विद्यार्थ्याला शुल्काचे हप्ते पाडून मिळू शकतात का, हे प्राचार्यांना भेटून विचारण्यातही संकोच नको.

मन रमत नाही तेव्हा

पहिल्या महिना-दीड महिन्यात घराची आठवण येणे, झोप न लागणे, वर्गात एकटे वाटणे हे अत्यंत स्वाभाविक आहे. आजूबाजूचे सारे मजेत आहेत आणि आपणच मागे पडलो, असे प्रत्येकाला वाटते. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थीही बहुधा त्याच विचारात असतो. समाजमाध्यमांवरील हसरी छायाचित्रे पाहून आपल्या दिवसाची तुलना करणे हे तर दुःख ओढवून घेण्यासारखेच आहे.

यावर रोजच्या काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. झोपण्या-उठण्याची वेळ ठरवावी. सकाळी टेकडीवर फेरी मारावी. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि पर्वती यांचे वरदान या शहराला लाभलेले आहे. घरी ठरावीक वेळी फोन करावा, आणि 'सगळे ठीक आहे' एवढेच न सांगता जे ठीक नाही तेही सांगावे. दर शनिवारी घरी पळण्याऐवजी अधूनमधून एखादा रविवार शहरात काढावा, म्हणजे ओळखी होतात.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-झोप बिघडली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो मनाचा कमकुवतपणा समजून लपवू नये. ताप अंगावर काढू नये, तसेच हेही अंगावर काढू नये. महाविद्यालयातील समुपदेशक, विश्वासातील प्राध्यापक किंवा डॉक्टर यांच्याशी त्वरित बोलावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. मित्राच्या बोलण्यात असे काही जाणवले, तर 'होईल ठीक' म्हणून विषय बदलू नये. त्याला एकटे न सोडता मदतीपर्यंत सोबत न्यावे.

रॅगिंग : कायदा काय सांगतो

'थोडी थट्टा चालायचीच' या सबबीखाली नवागतांचा छळ होतो, तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. दोषीला दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दोष सिद्ध झाल्यास विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले. प्रवेशाच्या वेळी भरून घेतले जाणारे हमीपत्र त्यातूनच आले. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे आवश्यक आहे. तिच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर पाहून ठेवावीत. तक्रार शक्यतो लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

वर्गाबाहेरचे महाविद्यालय

पुण्यातील महाविद्यालयीन जीवन वर्गापुरते कधीच नव्हते. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होत आहे. तिच्या तालमींनी कित्येक पिढ्यांना मित्र दिले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या शिबिरांत शहरी आणि ग्रामीण मुले एका पंगतीत बसतात. नाटक, खेळ, सेवा योजना, छात्रसेना यांपैकी एक उपक्रम पहिल्या वर्षी निवडावा. त्यातून आपोआप दहा-वीस ओळखी होतात आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन मिळते. एकाच वेळी चार ठिकाणी नाव घालणे मात्र टाळावे. पहिल्या सत्राचा निकाल हाती आल्यावर पुढचे ठरवता येते.

दिशा चुकली असे वाटल्यास

काहींना दोन-तीन महिन्यांत कळून चुकते की ही शाखा आपली नव्हे. काहींचे विषय राहतात. अशा वेळी ही गोष्ट घरापासून लपवली जाते आणि लपवण्यातच वर्ष जाते. पहिल्या सत्रातच विभागप्रमुखांना भेटून विषय किंवा शाखा बदलण्याचे नियम व मुदत विचारावी. नव्या रचनेत मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. त्यामुळे कारणपरत्वे शिक्षण थांबले तरी केलेले श्रम वाया जात नाहीत. एखादा विषय राहणे म्हणजे आयुष्य राहणे नव्हे. पहिले वर्ष गमावूनही पुढे प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेल्या टिळकांचे उदाहरण वर आलेच आहे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाला महाविद्यालयात घातले म्हणजे आपले काम संपले, असे समजू नये. आणि दर तासाला फोन करून त्याला शाळकरीही ठेवू नये. गुणांआधी जेवणाची, झोपेची आणि मित्रांची विचारपूस करावी. 'तुझ्यासाठी किती खर्च करतो आहोत' हे वाक्य शक्यतो टाळावे, कारण ते ऐकलेली मुले अपयश सांगायला घाबरतात. 'काही चुकले तर आधी आम्हाला सांग, मग मार्ग काढू', एवढा एकच शब्द निघण्यापूर्वी द्यावा. मूल अडचणीत पडेल त्या दिवशी त्याला याच शब्दाची आठवण होते.

माधुकरीच्या झोळीपासून महाडीबीटीच्या अर्जापर्यंत विद्यार्थ्याची मदत मागण्याची रीत बदलली. मागण्याची गरज मात्र बदललेली नाही. प्राध्यापकांच्या खोलीचे दार, ग्रंथपालाची खिडकी, समुपदेशकाची भेट, मित्राची खोली यांपैकी निदान एका ठिकाणी पहिल्या महिन्यात स्वतःहून जाऊन यावे. पुढची तीन-चार वर्षे त्या एका भेटीने बरीच सुकर होतील.